एल निनो अर्धा, तूट मोठी : २००२ च्या मान्सून अंदाजाचे प्रकरण

प्रकरणाची ओळख

२००२ सालच्या मे महिन्यात भारतीय हवामान विभागाने त्या वर्षीच्या नैऋत्य मान्सूनचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज जाहीर केला. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशभरात मिळून दीर्घकालीन सरासरीच्या १०१ टक्के पाऊस पडेल आणि या आकड्यात फार तर चार टक्के कमीजास्त होईल, असे त्यात म्हटले होते. सप्टेंबर संपला तेव्हा प्रत्यक्ष पाऊस ८१ टक्के भरला. जुलै महिना तर असा गेला की त्या महिन्यातला देशाचा एकूण पाऊस सरासरीच्या जेमतेम निम्म्यावर राहिला आणि उपलब्ध शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदींत त्याहून कोरडा जुलै सापडेना.

अंदाज चुकणे ही हवामानशास्त्रात नवलाची गोष्ट नाही. हे प्रकरण अभ्यासासाठी घेण्याचे कारण निराळे आहे. पाच वर्षांपूर्वी, १९९७ साली, पॅसिफिक महासागरात विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी, म्हणजे तिथले पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या घटनांपैकी, एक उभा राहिला होता. दुष्काळाची धास्ती सर्वत्र होती, विभागाचा अंदाजही ९२ टक्क्यांचा होता, आणि पाऊस मात्र १०२ टक्के पडला. २००२ मधला एल निनो १९९७ च्या मानाने साधारण निम्म्या ताकदीचा होता आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. समुद्राचे तापमान दोन्ही वेळा मोजले गेले होते, आकडे दर आठवड्याला प्रसिद्ध होत होते, म्हणजे माहितीचा दुष्काळ नव्हता. मग नेमके काय निसटले, हा या टिपणाचा विषय आहे. अंदाज तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे येथे दिलेली नाहीत, कारण प्रश्न कोणा एकाच्या चुकीचा नसून पद्धतीचा आणि वेळापत्रकाचा आहे.

पार्श्वभूमी

पुण्यात शिवाजीनगरला हवामान विभागाचे जे कार्यालय आहे, त्याला जुने पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे हलवले गेले होते. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, पण मान्सूनच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाचे काम पुण्यात राहिले. या कामाची परंपरा जुनी आहे. हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी १८८० च्या दशकात हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा कल सांगण्यास सुरुवात केली. १९०४ ते १९२४ या काळात विभागाचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरातल्या वायुभाराच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि पॅसिफिकच्या पूर्वेकडे वायुभार चढला की पश्चिमेकडे तो उतरतो, हा झोका ओळखला. भारतात मान्सून का हुकतो हे शोधताना हाती लागलेल्या या झोक्याला त्यांनी दक्षिणी दोलन असे नाव दिले. तो समुद्राच्या तापमानाशी, म्हणजे पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेल्या एल निनोशी, जोडलेला आहे हे मात्र याकोब ब्यर्कनेस यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले.

१९६५, १९७२, १९८२ आणि १९८७ या वर्षांनी या संबंधावर जणू शिक्कामोर्तब केले. यांतले १९७२ हे साल महाराष्ट्रात वेगळे सांगावे लागत नाही. रोजगार हमी योजनेची पाळेमुळे त्या दुष्काळातल्या खडी फोडण्याच्या कामांत आहेत. १९८७ चा दुष्काळ ताजा असतानाच, १९८८ मध्ये, वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने तयार झालेले सोळा घटकांचे प्रारूप हवामान विभागाने वापरात आणले. उत्तर गोलार्धाचे तापमान, हिमालयावरचे व युरेशियातले बर्फ, उत्तर भारतातले मार्चमधले तापमान, ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचा आणि अर्जेंटिनाचा वायुभार, वरच्या हवेतले वारे आणि एल निनोची स्थिती असे वेगवेगळे घटक एका समीकरणात बसवून त्यातून पावसाचा टक्का काढला जाई.

प्रारूपाचे नशीब चांगले होते. १९८८ साली देशात सरासरीच्या ११९ टक्के पाऊस झाला आणि त्यानंतर २००१ पर्यंत ओळीने एकही वर्ष देशव्यापी दुष्काळाचे गेले नाही. ‘यंदा मान्सून सामान्य’ हे वाक्य दर मे महिन्यात येत राहिले आणि ढोबळ मानाने खरेही ठरत राहिले. आकडे बारकाईने पाहिले तर चित्र इतके गोंडस नव्हते. १९९४ मध्ये अंदाज ९२ टक्क्यांचा आणि पाऊस ११० टक्के. १९९७ चे वर सांगितलेच. परंतु या दोन्ही चुका शेतकऱ्याच्या आणि सरकारच्या सोयीच्या होत्या. अंदाजापेक्षा जास्त पाऊस पडला म्हणून कोणी चौकशी मागत नाही, आणि त्यामुळेच त्या चुकांची जितकी चिकित्सा व्हायला हवी होती तितकी झाली नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न : समुद्र किती तापला, की कुठे तापला?

येथे समुद्राच्या तापमानाचा मुद्दा सविस्तर मांडणे भाग आहे, कारण प्रकरणाची किल्ली तिथेच आहे.

विषुववृत्ताजवळ पॅसिफिकवरून वारे एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. ते पृष्ठभागावरचे ऊन पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ खोलातले गार पाणी वर येते. परिणामी पश्चिमेकडचे पाणी २९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर पूर्वेकडे ते २२ ते २५ अंशांपर्यंत उतरते. वारे मंदावले की ऊन पाणी पूर्वेकडे पसरते, मध्य व पूर्व पॅसिफिक तापतो, आणि हाच एल निनो. त्याचे माप म्हणून १७० ते १२० अंश पश्चिम रेखांशांमधल्या, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पाच अंशांपर्यंतच्या चौकोनातले तापमान सरासरीपेक्षा किती वर आहे ते पाहतात. या चौकोनाला निनो ३.४ म्हणतात. तीन महिन्यांची सरासरी अर्ध्या अंशाने वर जाऊन तशीच टिकली की एल निनो आहे असे धरले जाते.

जून ते ऑगस्ट या तिमाहीत निनो ३.४ चा आकडा १९९७ मध्ये सरासरीपेक्षा सुमारे १.६ अंश वर होता. २००२ मध्ये सुमारे ०.८ अंश. निव्वळ या मापाने पाहणारा कोणीही दुष्काळ १९९७ मध्ये शोधेल.

पण ढगांना सरासरीपेक्षा किती जास्त याच्याशी देणेघेणे नसते. त्यांना प्रत्यक्ष तापमान लागते. समुद्राचे पाणी साधारण २८ अंशांच्या वर गेले की त्यावर उंचच उंच पावसाळी ढग सहज उभे राहतात. पूर्व पॅसिफिकचे मूळ तापमान २४ अंश असेल, तर तीन अंशांची वाढ होऊनही तिथे ढगांचे मोठे केंद्र बसेलच असे नाही. उलट आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या आसपासचे, म्हणजे मध्य पॅसिफिकचे, पाणी आधीच उंबरठ्यावर असते. तिथे एका अंशाची वाढही ढगांचा मुक्काम हलवायला पुरते. १९९७ मध्ये तापमानवाढीचा सगळा भर पूर्वेला, दक्षिण अमेरिकेच्या बाजूला होता. २००२ मध्ये तो मध्य पॅसिफिकमध्ये होता. वर चढलेली हवा कुठेतरी खाली उतरावीच लागते, आणि ती जिथे उतरते तिथे ढग दबतात. मध्य पॅसिफिक तापला की हवा उतरण्याची जागा भारतीय उपखंडाच्या अधिक जवळ येते, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले के. कृष्णकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले. तीव्र दुष्काळ बहुतांशी एल निनोच्या वर्षी पडतात, पण एल निनो आला की दुष्काळ पडतोच असे नाही, या कोड्याचा एक मोठा भाग त्यातून सुटला. पुढे जपानमधल्या संशोधकांनी मध्य पॅसिफिकच्या या प्रकाराला ‘मोडोकी’ असे नाव दिले.

दुसरा भाग आपल्याच अंगणातला. हिंद महासागराच्या पश्चिमेचे, म्हणजे आफ्रिकेच्या बाजूचे, पाणी तापलेले आणि सुमात्राजवळचे गार असेल तर त्या स्थितीला धन द्विध्रुव म्हणतात. हवामानाच्या बातम्यांत तो आयओडी म्हणून येतो. १९९७ मध्ये तो अत्यंत प्रबळ होता. त्या वर्षाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत महापूर आले आणि इंडोनेशियात कोरड्या रानांना लागलेल्या आगींचा धूर शेजारच्या देशांपर्यंत पोचला. भारतावर मात्र या द्विध्रुवाने एल निनोचा परिणाम बराचसा झाकून टाकला. २००२ मध्ये असे काही घडले नाही. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी केवळ पाण्याच्या तापमानाऐवजी विषुववृत्तीय हिंद महासागरावरचे ढग आणि वारे पाहण्याचा आग्रह धरला. त्यांच्या मांडणीनुसार २००२ मध्ये ढगांचा भर सुमात्राच्या बाजूला होता आणि तो मान्सूनला प्रतिकूल होता. म्हणजे एका बाजूने मध्य पॅसिफिक आणि दुसऱ्या बाजूने हिंद महासागर, दोघेही एकाच वेळी विरोधात गेले.

सोळा घटकांच्या समीकरणात एल निनोला जागा होती, मात्र तो कोठे बसला आहे यासाठी रकाना नव्हता. हिंद महासागराच्या द्विध्रुवाविषयीचा मूळ शोधनिबंध १९९९ चा. प्रारूप त्याच्या दहा-अकरा वर्षे आधीचे.

समोर असलेले पर्याय

मे २००२ मध्ये अंदाज देणाऱ्यांपुढे तत्त्वतः चार वाटा होत्या. बंद खोलीत काय बोलणे झाले ते येथे मांडलेले नाही. त्या वेळचे ज्ञान आणि साधने पाहता कोणत्या वाटा खुल्या होत्या एवढेच पाहिले आहे.

पहिली वाट रुळलेली होती : समीकरण जो टक्का देईल तो एक आकडा जाहीर करायचा. लोकांना, वृत्तपत्रांना, अर्थ मंत्रालयाला आणि शेअर बाजाराला एक आकडा समजतो. चौदा वर्षे तो देण्याचा पायंडा होता आणि तो मोडण्यासाठी वरकरणी कारण दिसत नव्हते.

दुसरी वाट पॅसिफिककडे पाहून आकडा खाली ओढण्याची. ती धरावी इतका पुरावा मे महिन्यात नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. फेब्रुवारी-मार्च-एप्रिलची निनो ३.४ ची सरासरी केवळ ०.१ अंशाने वर होती, एप्रिल-मे-जूनची ०.४ वर पोचली, पण ती कळायला जून संपावा लागला. शिवाय मार्च ते मे हा काळ एल निनोच्या भाकितासाठी सगळ्यात अवघड मानला जातो. पॅसिफिकचे जुने चक्र तेव्हा संपत आलेले असते, नवे अजून धरलेले नसते, आणि जगभरातली प्रारूपे या दिवसांत अडखळतात. भारताचा अंदाज नेमका या खिडकीत द्यावा लागतो. त्यात १९९७ चा अनुभव ताजा होता. त्या वर्षी पॅसिफिकला भिऊन आकडा खाली आणला आणि पाऊस भरपूर झाला. साहजिकच पॅसिफिकच्या हाका आता पूर्वीइतक्या गंभीरपणे ऐकल्या जाण्याची शक्यता कमी होती. मान्सून आणि एल निनोचा संबंध १९८० नंतर सैल होत चालला आहे, असे सांगणारा शोधनिबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि तो चर्चेत होता. त्यातले निरीक्षण बरोबर होते. त्यावरून पॅसिफिककडे दुर्लक्ष करणे मात्र समर्थनीय ठरत नव्हते.

तिसरी वाट शक्यतांची भाषा वापरण्याची : दुष्काळाची शक्यता इतके टक्के, सामान्य पावसाची इतके, जास्तीची इतके. ही वाट शास्त्रदृष्ट्या सर्वांत प्रामाणिक होती आणि प्रशासनाला सर्वांत अडचणीची. जिल्हाधिकाऱ्याने ‘दुष्काळाची शक्यता तीस टक्के’ हे वाक्य वाचून चारा छावणीचे नियोजन करायचे की नाही, याचे उत्तर कोणत्याही शासन निर्णयात नव्हते.

चौथी वाट अंदाज दोन टप्प्यांत देण्याची : मे महिन्यात एक, आणि जून संपताना सुधारित दुसरा. मला हीच सर्वांत व्यवहार्य वाटते, कारण तिला नवे शास्त्र लागत नव्हते, केवळ वेळापत्रक बदलावे लागत होते.

प्रत्यक्षात काय झाले

पहिली वाट धरली गेली. मान्सून केरळात मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे जवळपास वेळेवर आला. जूनचा देशभरातला पाऊस सरासरीला धरून होता. १०१ टक्क्यांचा आकडा आणि जूनचा पाऊस एकमेकांना दुजोरा देत होते, आणि कोरडवाहू भागांतल्या लोकांनी त्या भरवशावर पेरण्या उरकल्या.

मग पाऊस थांबला. बंगालच्या उपसागरात जुलैमध्ये एकही मान्सून डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचे तीव्र क्षेत्र, तयार झाले नाही. मध्य भारताला त्या महिन्यात पाणी पुरवणारी हीच मुख्य व्यवस्था. त्याच सुमारास पॅसिफिकच्या वायव्य भागात मात्र एकामागून एक चक्रीवादळे उठत होती. मान्सून संपूर्ण देश व्यापण्याची नेहमीची तारीख तेव्हा १५ जुलै धरत असत. त्या वर्षी त्याला ऑगस्टचा मध्य उजाडला. राजस्थानच्या वाट्याला सर्वांत वाईट अवस्था आली.

देशाच्या सरासरीतून जी गोष्ट दिसत नाही ती शेताच्या बांधावरून पाहावी लागते. मराठवाड्यातल्या कोरडवाहू काळ्या जमिनीचे उदाहरण घेऊ. जूनमध्ये चांगला पाऊस झाला, वापसा आला आणि तिफण फिरली. मूग, उडीद, सोयाबीन उगवून दोन-चार पानांवर आले आणि पुढे तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले, तर रोप माना टाकते. शेतकऱ्यापुढे तेव्हा दोनच प्रश्न असतात : पीक मोडायचे का, आणि मोडले तर पुन्हा काय पेरायचे? जुलैचा पहिला पंधरवडा उलटला की मूग-उडदाची वेळ गेलेली असते. त्यानंतर तूर, बाजरी, सूर्यफूल, फार तर एरंडी. प्रत्येक आठवड्याच्या उशिराने निवडीचा एकेक दरवाजा बंद होत जातो. दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणायचे, तर पुढचा पाऊस येणार आहे की नाही हे ठाऊक हवे. ज्याला जुलैच्या पहिल्या आठवड्यात ‘या हंगामात धोका वाढला आहे’ एवढे कळले असते, त्याने दुसऱ्यांदा सोयाबीनवर पैसे लावण्याआधी थांबून विचार केला असता. त्याला १०१ टक्के एवढेच कळले होते.

जुलै अखेरीस केंद्र व राज्य सरकारे दुष्काळ निवारणाच्या कामाला लागली. एका गोष्टीने देशाला सावरले, आणि तिचा अंदाजाशी काही संबंध नव्हता. आधीच्या वर्षांच्या खरेदीमुळे १ जुलै २००२ रोजी सरकारी गोदामांत सहा कोटी टनांहून अधिक धान्य पडून होते. एरवी ज्या साठ्यावर नासाडीबद्दल टीका चालू होती, तोच साठा रोजगाराच्या कामांवर मजुरीच्या रूपाने वाटता आला.

परिणाम

ऑगस्टमध्ये पाऊस बराच सावरला, पण जुलैचे नुकसान भरून निघण्यासारखे नव्हते. देशाचे अन्नधान्य उत्पादन २००१-०२ मधल्या सुमारे २१.३ कोटी टनांवरून २००२-०३ मध्ये सुमारे १७.५ कोटी टनांवर घसरले. भूकबळींची लाट आली नाही, याचे श्रेय गोदामांना आणि सिंचनाखालच्या रब्बीला. कोरडवाहू कुटुंबांच्या कर्जाचा हिशेब मात्र या आकड्यांत येत नाही.

हवामान विभागात बदल लवकर झाले. सोळा घटकांपैकी काहींचा पावसाशी असलेला जुना संबंध दुबळा झाल्याचे तपासणीत दिसले. तीस-चाळीस वर्षांच्या नोंदींवर सोळा घटक बसवले की समीकरण भूतकाळाशी फार सुरेख जुळते आणि ही जुळणीच फसवी ठरते. चार टक्क्यांची चूक सांगणाऱ्या प्रारूपाचा अंदाज वीस टक्क्यांनी हुकतो तेव्हा दोष एखाद्या घटकात नसून चार टक्के या दाव्यात असतो. २००३ पासून कमी घटकांची नवी प्रारूपे आली, अंदाज दोन टप्प्यांत देणे सुरू झाले आणि टक्क्याच्या जोडीला शक्यतांचे वर्गही येऊ लागले. त्या वर्षी एप्रिलचा अंदाज ९६ टक्क्यांचा होता आणि पाऊस १०२ टक्के झाला.

एवढ्याने प्रश्न सुटला असे समजणे घाईचे ठरले. २००४ मध्ये अंदाज १०० टक्क्यांचा, पाऊस सुमारे ८७ टक्के. २००९ मध्ये एप्रिलचा आकडा ९६, जूनचा सुधारित ९३ आणि प्रत्यक्ष पाऊस ७८ टक्के. २००९ चा एल निनोही मध्य पॅसिफिकचाच. दोन टप्प्यांच्या पद्धतीने दिशा बरोबर पकडली, पण खोली पकडली नाही. सांख्यिकी समीकरणे भूतकाळाच्या सरासरीकडे ओढली जातात; टोकाचे वर्ष त्यांना सहसा दिसत नाही.

खरा पालट २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशननंतरचा. समुद्र आणि वातावरण यांचे गणित एकत्र सोडवणारे गतिकीय प्रारूप पुण्यात पाषाणला, उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या महासंगणकावर चालवले जाऊ लागले. या प्रारूपाला समुद्राची आजची अवस्था भरवावी लागते, आणि ती देणारी साधनेही दरम्यान वाढली होती. पॅसिफिकमध्ये नांगरलेल्या तरंगकांची, म्हणजे तरंगत्या मापन-उपकरणांची, साखळी १९९४ मध्येच पूर्ण झाली होती. हिंद महासागरात तशी साखळी उभी राहण्यास २००४ नंतर सुरुवात झाली, आणि दोन हजार मीटर खोल बुडी मारून वर येत तापमान व क्षारता नोंदवणारे आर्गो तरंगकही त्याच दशकात सर्वत्र पसरले. २००२ मध्ये हिंद महासागराच्या पोटात काय चालले आहे हे पाहण्याची सोय फारच तुटपुंजी होती, ही बाब त्या वेळच्या अंदाजकारांच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

२०१५ साली ही सगळी तयारी कामी आली. एप्रिलमध्ये ९३ टक्के सांगितले गेले, पॅसिफिक तापत गेला तसा जूनच्या सुरुवातीला आकडा ८८ वर आणला गेला आणि पाऊस ८६ टक्के झाला. आकडा खाली आणताना विभागावर टीका झाली होती. तरी त्या सुधारणेमुळे राज्यांना खरीप ऐन भरात येण्याआधी काही आठवडे मिळाले.

वेगळे काय करता आले असते

मे महिन्याच्या निर्णयाला मी फार दोष देणार नाही. त्या दिवशी पॅसिफिक जवळपास तटस्थ होता, इतर देशांतली बहुतेक गतिकीय प्रारूपेही दुष्काळ दाखवत नव्हती, आणि हाती असलेले समीकरण जे सांगत होते ते सांगितले गेले. चार टक्क्यांची चूक-मर्यादा मात्र तेव्हाही टिकणारी नव्हती. १९९४ आणि १९९७ या दोन वर्षांत अंदाज अनुक्रमे अठरा आणि दहा टक्क्यांनी हुकला होता. त्या चुका सुखाच्या होत्या म्हणून बाजूला ठेवल्या नसत्या, तर मर्यादा किमान दुप्पट करावी लागली असती आणि ‘१०१ टक्के’ या आकड्याचा लोकांवरचा भार हलका झाला असता.

निर्णायक क्षण माझ्या मते जूनच्या अखेरीचा होता. तोवर निनो ३.४ स्पष्टपणे अर्ध्या अंशाच्या वर गेला होता, ढग वाररेषेकडे सरकल्याचे उपग्रहांच्या चित्रांत दिसत होते, आणि हिंद महासागर १९९७ सारखा मदतीला येण्याची लक्षणे नव्हती. यातून जुलै निम्मा कोरडा जाईल असे कोणालाही सांगता आले नसते. इतका टोकाचा जुलै घडवण्यात काही आठवड्यांच्या अंतराने विषुववृत्ताभोवती फिरणाऱ्या ढगांच्या लाटेचाही वाटा होता, आणि तिचा ठाव महिनाभर आधी लागत नाही. पण ‘मे महिन्यात सांगितले त्यापेक्षा धोका आता वाढला आहे’ एवढे विधान पुरेशा आधाराने करता आले असते. ते करण्यासाठी जागाच नव्हती. हंगामी अंदाज वर्षातून एकदा द्यायचा, तो दिला की विषय संपला, अशी रीत होती.

तिसरी गोष्ट देशव्यापी आकड्याची. देशाचा ९६ टक्के पाऊस हा बीडच्या शेतकऱ्याला काहीच सांगत नाही, हे आता वारंवार बोलले जाते. २०२१ पासून विभाग विभागवार आणि महिनावार शक्यता देऊ लागला आहे, आणि तरी वृत्तवाहिन्यांवर तो एकच टक्का मोठ्या अक्षरांत झळकतो. २०२३ साली एप्रिलमध्ये ९६ टक्के सांगितले होते आणि हंगाम ९४ टक्क्यांवर संपला. कागदावर अंदाज उत्तम ठरला. त्या आकड्याच्या पोटात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट दडला होता, ३६ टक्के तुटीचा. एल निनो पॅसिफिकमध्ये बळावत असताना सप्टेंबरमध्ये हिंद महासागराचा द्विध्रुव धन बाजूला झुकला आणि त्या महिन्याचा पाऊस सरासरीच्या वर गेल्याने बेरीज सावरली. मराठवाड्यात ऑगस्टमध्ये करपलेल्या सोयाबीनला सप्टेंबरच्या पावसाचा उपयोग नव्हता, आणि जायकवाडी त्या वर्षी भरलेही नाही. पाण्याच्या वाटपावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात हिवाळ्यात जो वाद पेटला, तो या बेरजेबाहेरचा हिशेब होता.